हिरो वर कसा आला?

पाण्याखालचं दृश्य सुरू झालं की घरातले सगळे हिरोकडे बघतात आणि मी त्याचा काटा शोधते. काटा म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती उरली ते दाखवणारं मीटर. रबरी नळीच्या टोकाला ते डाव्या कमरेशी लटकत असतं आणि खरा डायव्हर दर थोड्या वेळाने ते उचलून बघतोच. सिनेमातला हिरो बहुतेक वेळा ते शेवटी बघतो, काटा लाल पट्ट्यात शिरल्यावर. तेव्हा संगीत चढतं आणि माझी भाची ओरडते, "मावशी, त्याचा ऑक्सिजन संपला!"

हा लेख तिच्या त्या वाक्यामुळे लिहायला घेतला. त्या सिलिंडरमध्ये मुळात नुसता ऑक्सिजन नसतो. आणि हवा संपणं भयंकर असलं, तरी स्कूबा शिकलेल्या माणसाला त्या दृश्यात त्याहून मोठी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. शार्क, खलनायक, बुडालेलं जहाज हे सगळं बघून झालं की मनात एकच प्रश्न राहतो: हा आता वर कसा येणार? सिनेमा तेवढाच भाग गाळतो. आत्ता माणूस खोल समुद्रात असतो, पुढच्या क्षणी बोटीवर टॉवेल गुंडाळून बसलेला असतो. मधली जी वीस-पंचवीस मिनिटं कापली गेली, त्यांत डायव्हिंगचं निम्मं शास्त्र आहे.

सिलिंडरपासूनच सुरुवात करू. त्यात असते आपली रोजचीच हवा: 21 टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळजवळ सगळा नायट्रोजन. गाळून, कोरडी करून, कॉम्प्रेसरने ठासून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन घेऊन कुणी वीस मीटर खाली गेला तर त्याला आकडी येऊ शकते, कारण जास्त दाबाखाली ऑक्सिजन मेंदूला विषासारखा बाधतो. शुद्ध ऑक्सिजनची मर्यादा साधारण 6 मीटर धरतात. पाण्याखाली आकडी आली की तोंडातली नळी सुटते, आणि पुढे काय होतं ते सांगायला नको. म्हणून पडद्यावर कुणी ‘ऑक्सिजन टँक’ म्हणालं की डायव्हरच्या कपाळाला आठी पडते.

पाण्याचं ओझं

आता दाब. एवढी एक गोष्ट कळली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीचा हवेचा थर आहे. त्याचं वजन म्हणजे एक वातावरण दाब. जन्मापासून तो अंगावर असल्याने जाणवत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे, त्यामुळे समुद्रात फक्त 10 मीटर खाली गेलं, म्हणजे तीन मजली इमारतीएवढं, की तेवढाच आणखी एक दाब वाढतो. 10 मीटरवर दोन वातावरणं, 20 मीटरवर तीन, 30 मीटरवर चार. आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे आणि पाणी दबत नाही, त्यामुळे हाडामांसाला याचं काही वाटत नाही. दबते ती हवा. कानामागची पोकळी, सायनस, फुप्फुसं, मास्कच्या आतली जागा, जिथे जिथे हवा आहे तिथे तिथे दाब जाणवतो. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. रॉबर्ट बॉइलने हा नियम 1662 मध्ये मांडला आणि शाळेत आपण तो मार्कांसाठी पाठ केला. पाण्यात तो कानाला कळतो.

घाट उतरताना कानात दडे बसतात ना, तसंच इथे होतं, फक्त फार लवकर. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा उतरले तेव्हा दोन-तीन मीटरवरच कानात सुई टोचल्यासारखं झालं. प्रशिक्षकाने लगेच हात धरून थांबवलं, वर अर्धा मीटर नेलं, स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं. नाक दाबायचं आणि हलकेच फुंकायचं. घशातून कानात हवा जाते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, दुखणं जातं. हे खाली जाताना मीटरा-मीटराला करायचं असतं. सरावलेले काही जण जबडा हलवून किंवा आवंढा गिळून तेच साधतात. पण सिनेमात जहाजावरून उडी मारून सरळ समुद्रतळाकडे सूर मारणाऱ्या माणसाचा हात एकदाही नाकाकडे जात नाही, तेव्हा माझे कान दुखू लागतात.

डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत झाकलेलं असतं, तेही याचसाठी. खाली गेल्यावर मास्कमधली हवा आकसते आणि काच चेहऱ्याला चिकटू लागते, मग नाकातून थोडी हवा आत सोडायची. पोहण्याच्या गॉगलमध्ये ती सोय नाही. गॉगल लावून वीस मीटर गेलेल्या हिरोचे डोळे वर आल्यावर रक्ताळलेले दिसायला हवेत.

हवेचा हिशेब

12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) हवा भरली तर ती मोकळी सोडल्यावर 2,400 लिटर भरेल. शांत डायव्हर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा घेतो असं धरू. पृष्ठभागावर ती दोन तास पुरेल. पण रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात पोचवणारं उपकरण, तुम्हाला हवा देतो ती आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. म्हणजे 10 मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा खर्च होते, 30 मीटरवर चौपट. दोन तासांचा अर्धा तास झाला, आणि त्यातलीही थोडी हवा शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं.

आता त्याच 30 मीटरवर हिरो आणि चार गुंड यांची मारामारी लावा. धापा टाकणारा माणूस सहज तिप्पट हवा ओढतो. मिनिटाला 60 लिटर, गुणिले चार, म्हणजे 240. सिलिंडर दहा मिनिटांत रिकामा. 1965 च्या ‘थंडरबॉल’ या बाँडपटात बहामाच्या समुद्रात दोन टोळ्यांची लांबलचक लढाई आहे. ते चित्रण रिकू ब्राउनिंग यांच्या देखरेखीखाली खरोखर पाण्यात झालं, माणसं खरी पोहत होती, आणि आजही डायव्हर ती लढाई आदराने बघतात. पण बघताना मनात गुणाकार चालूच असतो.

त्याच सिनेमात बाँड तोंडात सिगारएवढं एक यंत्र धरून श्वास घेतो. सिनेमाच्या कला विभागात काम करणारे पीटर लॅमॉन्ट सांगत की सिनेमा आल्यावर ब्रिटिश सैन्याच्या अभियंता दलातून फोन आला होता, हे यंत्र किती वेळ चालतं अशी विचारणा करायला. उत्तर होतं: जेवढा वेळ तुम्हाला श्वास रोखता येईल तेवढा वेळ. आपण हिशेब करून बघू. एवढ्याशा नळीत 50 मिलिलिटर जागा आणि 200 बार दाब धरला तर मोकळी हवा 10 लिटर. पृष्ठभागावर अर्धा मिनिट. 30 मीटरवर दोन-तीन श्वास.

लव्हाळ्याची किंवा बांबूची पोकळ नळी तोंडात धरून नदीच्या तळाशी लपून बसणारा माणूस आपण लहानपणापासून बघत आलोय. वरची हवा साध्या दाबाची आणि छातीवर मात्र पाण्याचं ओझं, अशी ती गत. अर्धा-पाऊण मीटर खाली गेल्यावर छातीच्या स्नायूंना ती हवा आत खेचणं जड जातं, आणखी खाली जमतच नाही. स्नॉर्केलची नळी आखूड असते ती म्हणूनच.

गाल फुगवून वर येणं

आता ज्या दृश्याने माझा जीव खरंच वरखाली होतो, ते सांगते. हवा संपते. हिरो आपल्या रेग्युलेटरमधला शेवटचा श्वास नायिकेला देतो, स्वतः एक मोठा घोट घेतो, दोघं गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून, बाणासारखे वर सुटतात. पृष्ठभाग फोडून बाहेर, मोठा श्वास, मिठी.

स्कूबा शिकताना पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला जो नियम सांगतात तो हाच: श्वास कधीही रोखायचा नाही. कारण पुन्हा बॉइलचं गणित. 10 मीटरवर तुम्ही सिलिंडरमधून छातीभर, समजा 6 लिटर हवा घेतली. तोंड मिटून वर आलात तर दाब निम्मा होईल आणि ती हवा 12 लिटर व्हायला बघेल. फुप्फुसांत 12 लिटरची जागा नाही. त्यांच्या नाजूक पिशव्या फाटतात आणि हवा छातीच्या पोकळीत किंवा थेट रक्तात शिरते. रक्तातून बुडबुडा मेंदूत गेला तर झटका आल्यासारखा माणूस कोसळतो. याला फार खोली लागत नाही, छाती भरलेली असेल तर मीटर-दीड मीटर वर येणंही पुरतं. पोहण्याच्या तलावात सराव करतानासुद्धा प्रशिक्षक म्हणूनच डोळ्यांत तेल घालून बघत असतात.

हवा खरंच संपली आणि जोडीदार जवळ नसला, तर तोंडाने ‘आऽऽ’ असा आवाज काढत, सतत हवा सोडत, हळू वर यायचं. ऐकायला उलटं वाटतं. आधीच हवा नाही, ती आणखी कशी सोडायची? पण वर येता येता छातीतली हवा फुगत जाते, त्यामुळे सोडूनही ती उरते. जोडीदार जवळ असेल तर प्रश्नच नाही. प्रत्येक डायव्हरकडे एक जादा रेग्युलेटर असतो, पिवळ्या नळीचा, त्याला ‘ऑक्टोपस’ म्हणतात. दोघांनी एकच तोंडात आलटून पालटून घेण्याचा तो हळवा प्रसंग घडायची गरजच पडत नाही.

इथे एक घोळ सोडवायला हवा. वरून श्वास घेऊन खाली गेलेला माणूस, म्हणजे फ्रीडायव्हर, तोंड मिटून वर येऊ शकतो. त्याने वर 6 लिटर हवा घेतली, खाली ती आकसून 3 झाली, वर येताना पुन्हा 6. जास्त होण्याचा सवालच नाही. सिनेमे या दोन प्रकारांची सरमिसळ करतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की पाण्यात दम धरून ठेवणं हाच शूरपणा आहे.

फ्रीडायव्हरचा धोका वेगळा आहे आणि तो सिनेमा शिकवतो म्हणून मला जास्त सलतो. उडी मारायच्या आधी हिरो भराभर आठ-दहा श्वास घेतो. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. आणि ‘आता श्वास घे’ ही हाक शरीर देतं ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. घंटाच काढून ठेवल्यासारखं होतं. माणसाला काही त्रास वाटत नाही, आणि वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये दाब झपाट्याने उतरला की मेंदूला मिळणारा ऑक्सिजन एकदम कमी होऊन शुद्ध हरपते. विहिरीत, तलावात पैजा लावून दम धरणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं: भराभर श्वास घेऊन बुडी मारू नका, आणि एकट्याने तर मुळीच नको. 2022 च्या ‘अवतार’मध्ये केट विन्स्लेट सरावात 7 मिनिटांहून जास्त श्वास रोखू शकली, ती कर्क क्रॅक या फ्रीडायव्हिंग प्रशिक्षकाच्या हाताखाली, न हलता, शेजारी सुरक्षेची माणसं असताना.

सोड्याची बाटली

आता मूळ प्रश्न, वर यायचा.

आपण श्वासात घेतलेल्या नायट्रोजनचं शरीर काही करत नाही. आत घेतो, बाहेर सोडतो. पण दाबाखाली वायू द्रवात जास्त विरघळतो. 30 मीटरवर वीस मिनिटं घालवली की रक्तात, चरबीत, सांध्यांत नायट्रोजन मुरत जातो, बंद गोटीसोड्याच्या बाटलीत गॅस मुरलेला असतो तसा. बाटली बंद असेपर्यंत एक बुडबुडा दिसत नाही. गोटी आत ढकलली की फसफसून वर येतो. बूच अगदी हळूहळू सैल केलं असतं तर तोच गॅस शांतपणे निघून गेला असता. भरकन वर आलेला डायव्हर म्हणजे ती गोटी ढकललेली बाटली. बुडबुडे सांध्यांत अडकले तर असह्य कळा, मज्जारज्जूत अडकले तर पाय लुळे.

हा आजार डायव्हरांच्या आधी पूल बांधणाऱ्या मजुरांनी भोगला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये 1870 च्या दशकात नदीच्या तळाशी हवा दाबून भरलेल्या प्रचंड लाकडी पेट्यांत उतरून खणले. बाहेर आल्यावर माणसं वेदनेने वाकडी होत. ‘बेंड्स’ हे नाव त्या काळातल्या अशाच पुलांवरच्या मजुरांकडून आलं. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्यात अंथरुणाला खिळला आणि पुढे त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या सूचना कामावर पोचवत पूल उभा राहीपर्यंत धुरा वाहिली. हळू वर येण्याची कोष्टकं 1908 मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने दिली. त्याने आधी बोकडांना दाबाच्या कोठडीत ठेवून, दाब टप्प्याटप्प्याने उतरवून, किती घाई सोसते ते पाहिलं होतं. आज आपल्या मनगटावरचा, खोली आणि वेळ मोजून कसं वर यायचं ते सांगणारा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच विचाराचा वंशज आहे.

साध्या हौशी डाइव्हलाही नियम असा: वर यायचं ते मिनिटाला साधारण 9 मीटरच्या बेताने, आपल्याच बारीक बुडबुड्यांच्याही मागे राहून. 5 मीटरवर आलं की तीन मिनिटं नुसतं थांबायचं. हात बांधून, काही न करता, लाटेबरोबर डोलत. ही तीन मिनिटं मला डायव्हिंगमधली सगळ्यात आवडती. सिनेमात ती कधी नसतात, कारण त्यांत काहीच घडत नाही.

आणि मग हेलिकॉप्टर. खोल पाण्यातून निघालेल्या हिरोला दोरीची शिडी टाकून वर उचलतात आणि डोंगरापलीकडे घेऊन जातात. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे अर्धवट उघडलेली बाटली आणखी उघडली. डाइव्हनंतर विमानात बसायला आम्ही 18 ते 24 तास थांबतो. गोव्याला किंवा अंदमानला जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवावं.

नायट्रोजनचा आणखी एक गुण आहे. साधारण 30 मीटरच्या पुढे तो चढतो, दारूसारखा. विचार संथ होतो, काहीजण उगाच आनंदी होतात, काहींना विनाकारण भीती वाटते. फ्रेंच सागर-संशोधक जाक कुस्तो या अवस्थेला ‘खोलीची नशा’ म्हणायचे. पन्नास मीटरवर बॉम्बची लाल की निळी वायर कापायची हे ठरवणारा हिरो साधी हवा घेत असेल, तर त्याला काट्यावरचा आकडा नीट वाचता आला तरी खूप. आणि तिथे लाल वायर लाल दिसणारही नाही.

डोळे, कान, बंदुका

पाणी रंग गिळतं. लाल आधी जातो, पाच-सात मीटरमध्येच मंदावतो, मग नारिंगी, मग पिवळा. तीस मीटरवर टॉर्च नसेल तर सगळं निळं-हिरवं, आणि बोट कापलं तर रक्त हिरवट काळं दिसतं. पडद्यावरची लालभडक रक्ताची रेघ आणि सोनेरी झळाळणारा खजिना हे दिव्यांचं आणि रंगसंस्कारांचं काम. मास्कच्या सपाट काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे प्रत्येक डायव्हरने पाहिलेला मासा थोडा मोठाच असतो.

पाण्याच्या नितळपणाबद्दल मात्र सिनेमावर रागवू नये. बहामासारख्या ठिकाणी खरंच लांबवर दिसतं. आपल्या कोकणात नद्यांचा गाळ आणि प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) यांमुळे पाच-सात मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणतात. मालवणला आलेला पर्यटक कधीकधी हिरमुसतो, कारण त्याच्या डोळ्यांत 2011 च्या ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधला स्पेनच्या कोस्ता ब्रावाचा समुद्र असतो. तो सिनेमा मला आवडतो. पाण्याला घाबरणारा अर्जुन वर येऊन रडतो, ते अगदी खरं आहे. मी तसे रडलेले लोक बोटीवर पाहिले आहेत.

आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे 1,500 मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. दोन्ही कानांत तो जवळजवळ एकाच वेळी पोचतो, म्हणून बोटीचं इंजिन ऐकू येतं पण कुठून ते कळत नाही. आवाज ऐकून नेमक्या दिशेला मान वळवणारा हिरो पाण्यात नसतो. खऱ्या समुद्राखाली ऐकू येतो तो आपला श्वास, बुडबुड्यांची खळखळ, आणि खडकाजवळ गेलं की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज. तो स्नॅपिंग श्रिम्प नावाच्या चिमुकल्या कोळंबीच्या नांग्यांचा.

गोळ्या चुकवायला पाण्यात उडी मारणं मात्र बरोबर आहे. रायफलची वेगवान गोळी पाण्यावर आपटून मीटरभरातच फुटते किंवा मंदावते. स्फोट चुकवायला उडी मारणं तितकंच चूक. हवा दबून धक्का थोडा शोषते, पाणी दबत नाही, धक्का जसाच्या तसा पुढे देतं आणि तो फुप्फुसांवर बसतो. समुद्रात सुरुंग टाकून मासे मारणारे लोक नेमका हाच गुण वापरतात.

अंगठा वर करणं हीसुद्धा एक भानगड. पडद्यावर ‘सगळं ठीक’ म्हणून अंगठा दाखवतात. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. आणि प्रवाळावर गुडघे टेकून, हातांनी धरून उभे असलेले कलाकार दिसले की मला खरोखर वाईट वाटतं. ते खडक नाहीत, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि तिची वाढ वर्षाला मिलिमीटर-सेंटीमीटरमध्ये मोजतात. चांगल्या डायव्हरचे हात स्थिर असतात. तो ना वर तरंगतो ना खाली बुडतो, श्वासाच्या चढउतारावर उंची सांभाळतो. अनोळखी माणूस पाण्यात किती मुरलेला आहे हे आम्ही त्याच्या हातांवरून ओळखतो, नटाचंही तसंच.

ज्यांना वर येणं आठवलं

सगळेच सिनेमे विसरतात असं नाही. जेम्स कॅमेरॉन यांच्या 1989 च्या ‘द अ‍ॅबिस’चं चित्रण दक्षिण कॅरोलायनात गॅफनी इथे, अर्धवट सोडलेल्या अणुवीज केंद्राच्या टाकीत झालं. पाणी सुमारे 12 मीटर खोल. तिथे दिवसाचे कित्येक तास काढल्यावर कॅमेरॉनना स्वतःलाच वर येताना थांबावं लागे, आणि ते त्या वेळात काचेच्या खिडकीतून आदल्या दिवसाचं चित्रण बघत. एकदा त्यांचीच हवा संपली. अंगावर जड वजनं, आणि मदतीला आलेल्या माणसाने तोंडात दिलेला रेग्युलेटर बिघडलेला, त्यातून पाणी आलं. झटापट करून ते सुटले आणि वर आले, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. बहुधा म्हणूनच त्या सिनेमाच्या शेवटी सगळे अचानक पृष्ठभागावर पोचतात तेव्हा पात्रांनाच प्रश्न पडतो की दाब न उतरवता आपण जिवंत कसे. परग्रहवासीयांनी काहीतरी केलं असेल, एवढं उत्तर तिथे पुरतं. प्रश्न विचारला, यातच मला समाधान आहे.

‘सँक्टम’ या 2011 च्या गुहेतल्या सिनेमाची कल्पना ऑस्ट्रेलियातल्या एका खऱ्या घटनेवरून निघाली. 1988 मध्ये नलारबोरच्या पॅनिकिन प्लेन्स गुहेचं तोंड वादळात कोसळलं. सिनेमात माणसं एकेक करून मरतात. खऱ्या गुहेतून सगळे जिवंत बाहेर आले. शिस्तीने सुटका होण्यातही केवढं नाट्य असतं, ते 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेने जगाला दाखवलं. आत अडकलेली बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक. हात समोर धरला तरी दिसणार नाही असं चिखलाचं पाणी, दोरीला धरून चाचपडत जाणारे डायव्हर, भूल दिलेली मुलं. पाणी उपसण्याच्या कामात पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सची माणसंही तिथे होती. 6 जुलैला थायलंडच्या नौदलाचा माजी कमांडो समन कुनान आत सिलिंडर ठेवून परतताना हवा संपून गेला. गुहेत डोक्यावर दगड असतो. तिथे सरळ वर यायची वाटच नसते.

आणि एक माणूस, ज्याची गोष्ट मी भाचीला सांगितली. बुडालेल्या जहाजात हवेचा कप्पा सापडतो आणि हिरो त्यात श्वास घेत थांबतो, हे दृश्य तिला खोटं वाटलं होतं. 26 मे 2013 ला पहाटे नायजेरियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘जॅस्कॉन-4’ ही टगबोट उलटून बुडाली. बारा माणसं होती. स्वयंपाकी हॅरिसन ओकेने काळोखात चाचपडत एका खोलीत पोचला, तिथे छताशी हवा अडकली होती. बोट सुमारे 30 मीटर खोल पाण्यात होती. म्हणजे त्या कप्प्यातली हवा चौपट दाबलेली, एवढ्याशा जागेत चारपट हवा. त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा गार पाण्यात विरत गेला. जवळजवळ 60 तास तो अर्ध्या अंगाने पाण्यात, अंगावर नुसती चड्डी, जवळ कोकची एक बाटली. मृतदेह काढायला आलेल्या डायव्हरला पाण्यात एक हात दिसला. त्याने तो धरला, तर त्या हाताने उलट पकडलं.

इथे सिनेमा संपला असता. पण साठ तासांत ओकेनेच्या शरीरात नायट्रोजन पुरेपूर मुरला होता. त्या क्षणी त्याला धरून वर पोहत नेलं असतं तर तो काही मिनिटांत गेला असता. डायव्हरांनी आधी त्याला गरम पाण्याने ऊब दिली, डोक्यावर हेल्मेट चढवलं, जहाजातून काढून दाबाच्या घंटेत (डायव्हरांना खाली-वर नेणाऱ्या बंद टाकीत) बसवलं आणि त्या बंद घंटेतूनच वरच्या बोटीवरच्या दाबाच्या खोलीत नेलं. समुद्र पायाखाली, आकाश भिंतीपलीकडे, आणि खोलीतला दाब मात्र 30 मीटरचा. तो तसूतसूने उतरवत नेला. दार उघडायला अडीच दिवस लागले.

"म्हणजे तो वर आला होता, पण आला नव्हता?" भाचीने विचारलं.

हो, तसंच. पुन्हा समुद्रावर जाणार नाही असं तो तेव्हा म्हणाला होता. दोन वर्षांनी, 2015 मध्ये, त्याने डायव्हरचं प्रमाणपत्र घेतलं.